पाऊस देव पाडतो, मग टँकर का येतो? : एका टॉपिकची दुरुस्ती



पेट झाली, मुलाखत झाली, आणि आता "टॉपिक काय घेऊ?" या प्रश्नापाशी अडलेल्यांसाठी आजचा लेख आहे. टॉपिक कसा निवडावा याच्या टिपा तुम्हाला कुठेही मिळतील. मी त्याऐवजी माझ्या स्वतःच्या कामाचा एक तुकडा उलगडून दाखवते. तुमचा विषय वेगळा असेल, पण मी जिथे अडखळले तिथे तुम्हीही अडखळण्याची शक्यता बरीच आहे.

माझं काम मराठी ख्रिस्ती बालगीतांवर आहे. संडे स्कूलमध्ये, मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेत, नाताळच्या कार्यक्रमात लहान मुलं हातवारे करत जी गाणी म्हणतात, ती. डोंगर देवाचे, नद्या देवाच्या, चिमणी त्याची, चांदण्या त्याच्या, असा त्यांतल्या बऱ्याच गाण्यांचा मजकूर असतो. क्षेत्र सोलापूर शहर आणि आजूबाजूचा भाग. मी स्वतः ख्रिस्ती नाही. आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं, माझं शिक्षण सोलापुरात. शेजारच्या मैत्रिणीबरोबर लहानपणी संडे स्कूलला जायचे, कारण तिथे पेटी वाजायची आणि शेवटी बिस्किटं मिळायची. हे आधीच सांगून टाकते, कारण संशोधक कुठे उभा आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

तर माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं : 'मराठी ख्रिस्ती बालगीतांतील ईश्वराच्या सृष्टीवरील सार्वभौमत्वाची संकल्पना : एक चिकित्सक अभ्यास'. भारदस्त वाटतं ना? मलाही वाटलं होतं. समितीतल्या एका सरांनी पान उलटायच्या आधीच विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, ही संकल्पना कशी व्यक्त होते..." ते म्हणाले, "देव मोठा आहे असं भक्तीची गाणी म्हणणारच. दोनशे गाणी गोळा करून तुम्ही तेच सांगणार. मग ही दोनशे गाणी कशाला?"

घरी येऊन दोन दिवस मी चिडलेली होते. मग लक्षात आलं की ते बरोबर होते. ज्या कामाचं उत्तर काम सुरू व्हायच्या आधी ठाऊक असतं, ते संशोधन नव्हे, संकलन. संकलनही मोलाचं असतं, पण त्याला तसंच म्हणावं.

प्रश्न मिळाला तो मे महिन्यात. सोलापुरातला मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. एका चर्चच्या हॉलमध्ये सुट्टीची बायबल शाळा चालू होती, पंखे गरम हवा फिरवत होते. मुलं पावसाचं गाणं म्हणत होती. बोटं वरून खाली आणत पाऊस, दोन्ही हात उघडून नदी, मुठी उघडत फूल. गाणं संपलं आणि पुढच्या रांगेतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा टीचरना म्हणाला, "मग आमच्याकडं टँकर कशाला येतंय?"

हॉल हसला. टीचरही हसल्या. "आपण प्रार्थना करू हं," म्हणाल्या आणि पुढचं गाणं सुरू केलं. मीही हसले, आणि वहीत 'गमतीदार प्रसंग' अशा मथळ्याखाली ते लिहून ठेवलं. पंधरा दिवस तो प्रसंग तिथेच पडून होता. माझ्या गाईड मॅडमनी वही चाळताना त्यावर बोट ठेवलं. "हा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं सामान आहे."

आता त्या मुलाच्या वाक्याकडे नीट बघा. तो देव आहे की नाही, हे विचारत नाही. तो म्हणतोय : सगळ्या पावसाचा मालक एकच असेल, तर न पडलेल्या पावसाचं काय? न पडलेला पाऊसही त्याच मालकाचा का? ज्याला आपण 'सार्वभौमत्व' म्हणतो त्याची खरी अडचण या जागी आहे, आणि ती धर्मशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत नेमकी याच जागी येते.

'सार्वभौमत्व' हा शब्द आपल्याला नागरिकशास्त्रामुळे माहीत. ख्रिस्ती धर्मविचारात त्याखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली निर्मिती : देवाने हे सगळं केलं. दुसरी पालन : जे केलं ते तो टिकवून ठेवतो. तिसरी शासन : जे घडतं ते त्याच्या हुकमतीत घडतं. पहिल्या दोन गोष्टी गाण्यात आणायला सोप्या. चिमणी केली, चिमणीला दाणा दिला. तिसरी अवघड, कारण 'जे घडतं ते' यात वाईटही आलं. १५६३ साली जर्मनीत तयार झालेली हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी ही प्रोटेस्टंट पंथांमध्ये मुलांना आणि तरुणांना धर्म शिकवायला फार वापरली गेली. तिच्या २७व्या प्रश्नात देवाच्या पालकत्वाचा अर्थ सांगताना जोड्या दिल्या आहेत. पावसाबरोबर अवर्षण, सुपीक वर्षाबरोबर नापीक वर्ष, आरोग्याबरोबर आजार, श्रीमंतीबरोबर गरिबी. हे सगळं योगायोगाने येत नाही, पित्यासारख्या देवाच्या हातून येतं, असं ती सांगते. पटो न पटो, उत्तर आडवळणाचं नाही. त्या मुलाला हायडेलबर्गवाल्यांनी "हो, टँकर येतो ते वर्षही त्याच्याच हातचं" असं सरळ सांगितलं असतं.

बायबलमध्येही ही दुसरी बाजू लपवलेली नाही. स्तोत्रसंहितेतलं १०४वं स्तोत्र झरे, गवत, पक्षी, सिंहाची पिल्लं यांची आनंदाने यादी देतं. पण १०७वं स्तोत्र सांगतं की नद्यांचं वाळवंट करणाराही तोच आणि वाळवंटाचं तळं करणाराही तोच. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, देवच म्हणतो की मी एका गावावर पाऊस पाडला आणि दुसऱ्यावर पाडला नाही. मी हे वाचलं तेव्हा अक्षरशः त्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

आणि मग मी माझ्या जमवलेल्या गाण्यांकडे परत गेले. त्यांत पाऊस आहे, अवर्षण नाही. फूल आहे, पण करपलेलं पीक नाही. मासे, हत्ती, ससे आहेत, विंचू-साप अगदी क्वचित. म्हणजे गाणी 'सगळं देवाचं' म्हणतात आणि त्या 'सगळं'ची यादी निवडून करतात. माझा प्रश्न इथे तयार झाला : देवाच्या सत्तेची यादी करताना बालगीत काय घेतं, काय वगळतं, आणि जे वगळलं ते मुलाला दुसरीकडे कुठे भेटतं?

या यादीचा इतिहास फार बोलका आहे. इंग्रजीतलं 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल' हे गीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेल्यांना माहीत असेल. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या आयरिश कवयित्रीने ते 'हिम्स फॉर लिटल चिल्ड्रन' या १८४८च्या पुस्तकात छापलं. प्रेषितांच्या मतांगीकारातलं एकेक वाक्य मुलांना समजावं म्हणून एकेक गीत, अशी तिची योजना होती, आणि हे गीत 'आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता' या भागासाठी. आता साल बघा, १८४८. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेल्यामुळे पडलेला महादुष्काळ चालू होता, लाखो माणसं मरत होती, जहाजांनी देश सोडत होती. त्याच देशात हे फुला-पाखरांचं, पिकलेल्या फळांचं गीत लिहिलं गेलं. गीतात दुष्काळ नाही.

पण त्यात एक कडवं असं होतं की जे आज बहुतेकांना माहीत नसतं. वाड्यातला श्रीमंत आणि त्याच्या दारातला गरीब, दोघांचीही पायरी देवानेच ठरवली, असा त्याचा आशय. म्हणजे हायडेलबर्गच्या यादीतली 'श्रीमंती आणि गरिबी' ही जोडी अलेक्झांडरबाईंनी ठेवली, 'पाऊस आणि अवर्षण' ही ठेवली नाही. पुढे १९०६च्या 'इंग्लिश हिम्नल'मधून ते कडवं गाळलं गेलं आणि नंतर बहुतेक संग्रहांतून नाहीसं झालं. आता हे कडवं सोलापूर-अहमदनगरच्या मंडळीत गायलं जातंय अशी कल्पना करा. इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये फार मोठा वर्ग महार आणि मांग समाजातून आलेला. 'तुझी पायरी देवानेच ठरवली' हे तर ते ज्यातून बाहेर पडायला आले होते तेच. माझं मत असं की सृष्टीवरची सत्ता आणि समाजाच्या रचनेवरची सत्ता या दोन गोष्टी एका दमात म्हणणं किती धोक्याचं असतं, हे इथल्या गायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सोलापूरला येऊ. अमेरिकन मराठी मिशनचं इथलं काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं. आणि हा काळ म्हणजे दुष्काळांचा काळ. १८७६-७८, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, पाऊस मुळात कमी आणि त्यातही बेभरवशाचा. शेवटच्या दोन दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत आणि वसतिगृहांत मोठ्या संख्येने मुलं आली. आईबाप गेलेली, किंवा आईबापांनी सोडलेली. या मुलांना शाळेत गाणी शिकवली गेली, आणि त्या शाळांच्या शिकवण्यात 'पृथ्वी केली, पाऊस दिला, अन्न दिलं' हा पाठ होताच. मला हा भाग लिहिताना जड जातं. तुम्ही 'संकल्पनेचा अभ्यास' करत असाल तर या मुलांना विसरू नका. संकल्पना कुणाच्या तरी तोंडी असते, आणि ते तोंड कधी उपाशी असतं.

या मुलांच्या आसपासच गाण्यांना हातवारेही आले. मुलांनी अभिनयासह गावं ही कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या किंडरगार्टनची. त्यांचं आई-मुलांच्या खेळगाण्यांचं पुस्तक १८४४चं. निसर्ग, माणूस आणि देव यांतली एकता मुलाने हातांनी, खेळातून अनुभवावी असं त्यांचं म्हणणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात अमेरिकन मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी किंडरगार्टन चालवलं. म्हणजे बघा, आज चर्चच्या हॉलमध्ये बोटांनी पाडला जाणारा पाऊस हा नुसता बायबलमधून आलेला नाही, बालशिक्षणातूनही आलेला आहे. हा मुद्दा मला शब्दांच्या याद्या करून कधीच सापडला नसता. हातांकडे बघितलं म्हणून सापडला. हात सत्तेबद्दल शब्दांपेक्षा वेगळं बोलतात : गाण्यात 'सामर्थ्य' आलं की मूठ आणि दंड, 'मोठा' आलं की पसरलेले हात, आणि 'सांभाळतो' आलं की दोन्ही हातांचा पाळणा. एकाच कडव्यात पैलवान आणि आई.

आता पद्धत. तुमच्यापैकी अनेकजण साहित्याचे, म्हणून सांगते : 'आशयविश्लेषण' हा शब्द प्रस्तावात लिहिणं सोपं आहे, टेबलाशी बसून करायचं काय ते कुणी सांगत नाही. मी एक्सेलमध्ये प्रत्येक गाण्याला एक ओळ दिली. पहिला रकाना : हाक कुणाला मारली आहे? दुसरा : कर्ता कोण? तिसरा : क्रियापद कोणतं आणि कोणत्या काळात? चौथा : यादीत कोणत्या वस्तू? पाचवा : हात काय करतात? सातवी-आठवीचं व्याकरण, बाकी काही नाही.

या रकान्यांचा उपयोग कळायला शेजारी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. मी आपलं सगळ्यांना पाठ असलेलं बडबडगीत ठेवलं, पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं. त्यात हाक थेट पावसाला. पाऊसच कर्ता. मूल त्याच्याशी सौदा करतं आणि वर फसवतंही, कारण पैसा खोटा निघतो! आपल्याकडे अवर्षणात पोरं धोंडी काढायची, लिंबाचा पाला गुंडाळून दारोदार पाणी मागायची, तिथेही मागणं थेट. ख्रिस्ती बालगीतात मात्र पावसाला कुणी हाक मारत नाही. पाऊस कर्माच्या जागी गेलेला असतो. त्याच्याशी बोलून उपयोग नाही, त्याच्या धन्याशी बोला. सृष्टीवर एकाची सत्ता आहे हे एवढं मोठं तत्त्व मुलाला विभक्तीतून कळतं, प्रवचनातून नव्हे. हे मला सापडलं त्या रात्री मी झोपले नाही. (नंतर गाईड मॅडम म्हणाल्या, "छान, पण अपवाद शोध." अपवाद लगेच सापडला. १४८व्या स्तोत्राच्या धर्तीवरच्या गाण्यांत सूर्य, चंद्र, गारा, डोंगर यांना हाका मारलेल्या असतात, पण त्या स्तुती करा म्हणून, पडा म्हणून नव्हे. आणि त्या स्तोत्राच्या यादीत राजेही आहेत, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या लगेच पुढे. सत्तेबद्दल याहून तिखट काय सांगणार?)

तिसऱ्या रकान्यात, क्रियापदांत, एक गोष्ट ठळक दिसते. 'केलं', 'घडवलं', 'निर्मिलं' भूतकाळात. 'देतो', 'सांभाळतो', 'राखतो' वर्तमानात. 'राज्य करतो' मात्र विरळ. मग राजेपण कुठे गेलं? ते संबोधनात जाऊन बसलं. 'प्रभू' हा शब्दच मुळी धनी, सत्ताधारी या अर्थाचा. 'प्रभुत्व' म्हटलं की आपल्याला सत्ता ऐकू येते, 'प्रभू येशू' म्हटलं की ऐकू येत नाही, ते नाव होऊन बसलंय. मुलं दिवसातून पन्नास वेळा सत्ता उच्चारतात आणि ती त्यांना जाणवतही नाही. 'राजा' हा शब्द अजून झिजलेला नाही, पण सोलापूर जिल्ह्यात तो एकटा येत नाही. पंढरपूर याच जिल्ह्यातलं. इथे देव राणाही असतो आणि माऊलीही, एकाच अभंगात, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

याच वाटेने नारायण वामन टिळक येतात. रेव्हरंड टिळक (१८६१-१९१९), फुलामुलांचे कवी. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतरची बरीच वर्षं अहमदनगरला गेली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त आई होऊन येतो. त्यांच्या घरी राहिलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा पुढे बालकवी म्हणून गाजला. माझ्या मते टिळकांचं महत्त्व हे की पाश्चात्त्य गीतातला दूरचा निर्माता त्यांनी मराठी भक्तीच्या अंगणात आणून बसवला. निर्माता राहिला, पण त्याचं राजेपण आईपणात विरघळलं. आणि यातूनच त्या मुलाचा प्रश्न जास्त बोचरा होतो. राजा पाऊस पाडत नाही, समजू शकतो. राजे तसेच असतात. आई का पाडत नाही?

आता माझ्या मांडणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याआधी तुमच्या मांडणीवर तुम्हीच असा आक्षेप घ्या, दुसऱ्याने घेण्याआधी. आक्षेप असा : लहान मुलांच्या गाण्यात दुष्काळ नाही म्हणून काय झालं? अंगाईत तरी महागाई असते का? प्रकारच तो आहे. गाळणं म्हणजे नाकारणं नव्हे.

मान्य. म्हणून मी गाण्यांच्या बाहेर बघायला लागले, आणि दुष्काळ सापडला. तो गाण्यात नव्हता, गोष्टीत होता. त्याच संडे स्कूलमध्ये, गाणी झाल्यावर, टीचर गोष्ट सांगतात. एलीया संदेष्ट्याची गोष्ट पूर्ण दुष्काळाची आहे : देव पाऊस थांबवतो, ओढा आटतो, कावळे भाकरी आणून देतात. मिसरातल्या योसेफाची गोष्ट सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची. म्हणजे कामाची वाटणी झालेली आहे. गाणं 'देतो' म्हणतं, गोष्ट 'थांबवतो' म्हणते. गाणं मूल स्वतः म्हणतं, गोष्ट ते ऐकतं. दुष्काळाचं वाक्य मुलाच्या स्वतःच्या तोंडी दिलं जात नाही, मोठ्यांच्या तोंडून ऐकवलं जातं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आता त्यावरच आहे.

योसेफाच्या गोष्टीत आणखी एक बघा. दुष्काळात देवाची सत्ता पाऊस पाडून दिसत नाही, धान्याच्या कोठारांतून दिसते, शहाण्या कारभारातून दिसते. हे वाचल्यावर मला आजोळ आठवलं. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बहामनी राजवटीतले अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, आणि त्या धान्याचे पैसे भरायला विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, ही कथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ. तिथेही देव पाऊस पाडत नाही. हिशेब चुकता करतो. मंगळवेढ्याच्या बाजूचं ख्रिस्ती मूल या दोन्ही गोष्टी ऐकत मोठं होतं, एक रविवारी आणि एक शाळेत किंवा एसटीत. दोन परंपरा 'एकच' आहेत असं मी म्हणत नाही, त्या मोहात तुम्हीही पडू नका. योसेफ फारोच्या हुकमाने कोठार उघडतो, दामाजी राजाच्या हुकमाशिवाय. हा फरक छोटा नाही.

मोठ्यांच्या उपासनेकडेही गेले. सुगीच्या सणाला लोक ज्वारी, भाज्या, नारळ, कोंबड्या घेऊन येतात, आभार मानतात, मग लिलाव होतो. चांगल्या वर्षी काय गातात ते कळलं. वाईट वर्षी काय गातात, सण होतो का, हे विचारल्यावर एका आजींनी ७२च्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीचं आणि सुकडीचं वर्णन अर्धा तास केलं. गाण्याबद्दल एकच वाक्य बोलल्या : "तेव्हा पण म्हणायचोच की. न म्हणून कसं चालंल?" ध्वनिमुद्रणात त्याच्यापुढे बराच वेळ शांतता आहे. लिप्यंतर करताना ती शांतताही सेकंदांसह लिहा. मी पहिल्यांदा ती कापली होती.

थोडं व्यावहारिक. मुलांबरोबर काम करायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, संस्थेची वेगळी घ्या, आणि मुलालाही विचारा. मुलाने नको म्हटलं तर नको. मी मुलांचे चेहरे चित्रित करत नाही, फक्त हात. मुलांना "देव पाऊस का पाडत नाही?" असं विचारत नाही. तो प्रश्न त्या मुलाने विचारला म्हणून तो विदा आहे, मी विचारला तर ती ढवळाढवळ. टीचरना त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही हेही मी दोष म्हणून लिहिणार नाही. हॉलमध्ये चाळीस मुलं होती, अकरा वाजत आले होते, आणि त्यांना आमोस चौथा अध्याय सांगायचा नव्हता. मीही सांगितला नसता.

जुन्या साहित्यासाठी : अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात ठेवलेली आहेत. मराठी बाजूने, 'ज्ञानोदय' १८४२पासूनचा, आणि मुलांसाठीचं 'बालबोधमेवा' हे मासिक १८७२चं. माझं पुढचं काम या दुसऱ्यावर आहे. सगळे अंक वाचायला बसले तर पीएचडी माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल, म्हणून मी दोनच खिडक्या ठरवल्यात : १८९६-९७ आणि १८९९-१९००. या महिन्यांत मुलांसाठी छापलेल्या कवितांमध्ये पाऊस आला आहे का, आणि आला असेल तर त्याचं क्रियापद कोणत्या काळात आहे, एवढंच बघायचं. एक्सेलमध्ये त्यासाठी सहावा रकाना केलाय. वर 'टँकर' असं लिहिलंय. मॅडमनी शीर्षक बदलायला सांगितलंय, पण अजून बदललं नाही.